केशरी औषधाचा चमचा

सिहोऱ्याच्या बाजारातून माझ्या काकांना सरकारी गाडीत बसवून नेलं आणि नसबंदी करून सोडून दिलं. तेव्हापासून गावात नर्सबाई दिसल्या की बाया दारं लावून घेत. माय तर आम्हा दोघी बहिणींना गुरांच्या कोठ्यातच लपवायची.

धाकटी चार वर्षांची होती. दिवेलागणीनंतर ती जागची हलायची नाही. जेवायला बोलावलं की भिंत चाचपत यायची आणि भात सोडून भलतीकडेच हात घालायची. माय म्हणायची, "नाटकं करते."

एकदा ती अंगणात नर्सबाईंना सापडलीच. त्यांनी हनुवटी धरून तिचे डोळे पाहिले. बुबुळाशेजारी साबणाच्या फेसासारखा डाग होता.

"संध्याकाळी हिला दिसत नाही ना?"

"चांगलं दिसते तिले," माय म्हणाली. मग आत येऊन तिनं माझा दंड धरला. "तूच सांगतलं ना त्या बाईले?"

मी नाही म्हटलं. मग बाईला कळलं कसं, याचाच तिनं धसका घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई केशरी औषधाची बाटली घेऊन आल्या. "हे डोळ्यांसाठी आहे. उशीर झाला तर दिवसाही दिसणार नाही, मग काही करता येत नाही."

"अन् पुढं हिले लेकरं नाही झाले तं?"

बाई चिडल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच्या मुलीला सोबत आणलं. तिलाही डोस द्यायचा होता.

"आधी तुमच्या पोरीले द्या. याच बाटलीतलं, याच चमच्यानं," माय म्हणाली.

त्या मुलीनं तोंड वाकडं करत औषध गिळलं. मायनं तिला ओसरीवर बसवलं, मुरमुरे दिले आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग कुठं धाकटीला पुढं केलं.

काही दिवसांनी संध्याकाळी जेवताना धाकटीनं भाजीतली मिरची उचलून ताटाबाहेर ठेवली. मायनं कंदील लांब सरकवला. धाकटीनं दुसरीही मिरची वेचली.

बाईंनी सांगितलेली मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी त्यानंतर घरात वरचेवर होऊ लागली. सहा महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, तेव्हा मायनं दार लावलं नाही. पण बाटली मागून घेतली, उन्हात धरली, वास घेतला आणि विचारलं, "मागचंच हाय ना हे?"