एकवीस नंबरची सुई

सीटअण्णा दोरा डोळ्यांनी बघत नसत, कानांनी ऐकत. रीळ हातात आलं की वीतभर दोरा सोडायचे, दोन्ही मुठींना गुंडाळायचे आणि कानाशी नेऊन झटक्यात तोडायचे. टचकन आवाज आला तर मान हलायची. दोरा मुकाट्यानं तुटला तर रीळ परत काउंटरवर. "ह्यो कुजलाय ताई. गोदामात पानी लागलं असंल." मला मेलीला सगळे आवाज सारखेच वाटायचे, पण अण्णांचं रीळ परत आलं की ते मी निमूट बाजूला ठेवून द्यायची.

भिंगारच्या बाजारात आमचं सुई, दोरा, बटणांचं दुकान होतं. एकाहत्तर साली वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांनी अंथरुणावरूनच मला गल्ल्यावर बसवलं. मी चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. धाकट्या काकांना हे मुळीच पसंत नव्हतं. येता-जाता गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे, "एक चूक होऊ दे तुझी, दुसऱ्या दिवसापासून मी बसतो इथे." ते बसले असते तर वडिलांचं औषध आणि बहिणीचं शिक्षण, दोन्हींसाठी आम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. म्हणून मी शिंकतानासुद्धा विचार करायची.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, अण्णांची पत्र्याची शेड होती. मागे दोन खोल्यांचं घर. माणूस मूळचा जामखेडकडचा. तरुणपणी टांग्याच्या घोड्यांचे साज शिवले. टांगे कमी झाले तसे मोटारींच्या सीटांकडे वळले. लष्करातले साहेब आपल्या गाड्या त्यांच्याकडेच पाठवत. "घोडं चुकीच्या साजाला लाथ तरी मारायचं," अण्णा म्हणायचे. "मोटार काय बोलत न्हाई. आपली चूक आपुनच वळखायची."

सुया घ्यायला आले की मग तर विचारूच नका. पुडी उघडून एकेक सुई काउंटरच्या काचेवर ठेवायचे आणि बोटानं हलकेच लोटायचे. सरळ असेल ती गडगडत जायची, वाकडी असेल ती थबकायची. मग टोक अंगठ्याच्या नखावरून ओढायचे. शेवटी खिशातून रेक्झिनचा तुकडा काढून त्यात सुई खुपसायचे आणि तो उजेडाकडे धरायचे. "सुईनं वाट करायची आन दोऱ्यानं ती पुरी भरायची. मधी उजेड दिसला की तिथनं पानी शिरतं." तोवर लेस आणि हुक घ्यायला आलेल्या बायका पदरानं वारा घेत ताटकळत उभ्या असायच्या. एकदा एकीनं विचारलं, "अण्णा, सुनबाई निवडताय का सुई?" अण्णा म्हणाले, "सून घरात चुकली तर घर सांभाळून घेतं. सुई चुकली तर शिवन न्हाई घेत."

त्या दिवसांत नायलॉनचा दोरा नवा नवा आला होता. मी मोठ्या उत्साहानं दाखवला. हातानं तुटता तुटेना. अण्णांनी तो परत सरकवला. "तुटत न्हाई हाच त्याचा दोष. वजन आलं की मंग रेक्झिन फाटतं. तुटायचं तर दोऱ्यानं तुटावं, त्यो पुन्यांदा घालता येतो." आणि आपला तीन पदरी सुती दोरा मेण चोळून वापरत राहिले.

त्याच वर्षी पुढे श्रीरामपूरच्या एका टॅक्सीमालकानं त्यांच्याकडे एक अँबॅसिडर दिली. काम आवडलं तर आणखी दोन गाड्या द्यायचं कबूल केलं होतं. अण्णांच्या शेडमध्ये एवढं मोठं काम आजवर आलं नव्हतं. नेमका त्यांना ताप भरला. पहिल्यांदाच ते स्वतः न येता त्यांचा निरोप आला, की नेहमीच्या एकवीस नंबरच्या सुया द्या. पुण्याच्या विक्रेत्यानं नुकत्याच मला चकचकीत सुया दिल्या होत्या, कातड्यासाठीच्या, जास्त चांगल्या. नंबर तोच, एकवीस. रेक्झिन दिसतं कातड्यासारखं, तेव्हा हीच सुई बरी, असा मी माझ्या अकलेनं विचार केला. अण्णांना खास म्हणून त्या पाठवल्या आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

महिन्याभरानं भर दुपारी ती गाडी शेडपुढे येऊन थांबली. मालक उतरला तो ओरडतच. सगळ्या सीटा शिवणीशी फाटल्या होत्या, पोस्टाची तिकिटं फाडावीत तशा सरळ रेषेत. "माल कुठनं आणला असला?" तो विचारत होता. काका त्या वेळी दुकानातच होते. माल म्हटल्यावर ते रस्ता ओलांडून गेले, त्यांच्या मागोमाग मीही.

अण्णांनी फाटलेली कड उजेडाकडे धरली. बराच वेळ बघितली. मग एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. "टाका लई जवळ घेतला म्या. भोकाला भोक लागलं. माझी चूक."

जवळ टाका घेणं ही नवशिक्याची चूक. पहिल्या आठवड्यात कानशिलात खाऊन कारागीर ती कायमची विसरतो. काका हसले. "एवढी वर्षं काय शिवलं मग, अण्णा?" मालकानं सीटा फुकट नव्यानं करून घेतल्या. बाकीच्या दोन गाड्या मात्र आल्या नाहीत आणि ही गोष्ट त्यानं श्रीरामपूरच्या टॅक्सीतळावर चवीनं सांगितली.

काका गेल्यावर अण्णा दुकानात आले. उरलेल्या सुया काउंटरवर ठेवल्या. एक माझ्या हातात दिली, एक त्यांची जुनी. दोन्ही रेक्झिनमध्ये खुपसायला लावल्या. जुन्या सुईचं भोक गोल होतं. माझ्या सुईनं बारीक चीर पाडली होती.

"हिच्या टोकाला धार हाय. कातड्याला बरी. पर रेक्झिन म्हंजे खालनं कापड. त्याचा धागा बाजूला सारायचा असतो ताई, कापायचा न्हाई."

"मग तिथे तसं का सांगितलंत?"

"तुमचा काका हितं बसला तर मला सुया कोन दाखवंल? त्यो डबा बी धड उघडून देत न्हाई." मग आपली जुनी सुई खिशात टाकत म्हणाले, "आन मशीनला सुई मीच लावली. तापात टोक बघाया इसरलो."

मी रडले. खरं सांगून टाकते, असंही म्हणाले. पण सांगितलं नाही. पुढे काकांची कटकट थांबली, दुकान माझं झालं, तरी नाही सांगितलं. सुयांची प्रत्येक पुडी मात्र काचेवर लोटून बघायला लागले, ती आजवर. अण्णा पूर्वीसारखेच येत. फक्त मोठ्या गाड्या त्यांच्याकडे येईनाशा झाल्या. पुढे मोटारसायकलींच्या सीटा तेवढ्या राहिल्या.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दहाव्याहून परतल्यावर त्यांच्या ओट्यावर माणसं बसली होती, काकाही होते. बाजारातला एक मेकॅनिक हळहळत म्हणाला, "हात सोन्याचा होता. त्या श्रीरामपूरच्या गाडीत तेवढा चुकला."

"ते चुकले नव्हते," मी म्हणाले. "सुई मी चुकीची दिली होती. माझं दुकान जाऊ नये म्हणून त्यांनी अंगावर घेतलं." काकांकडे बघूनच म्हणाले.

दारात अण्णांच्या बायको उभ्या होत्या. "पुन्यांदा सांग," म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं.

"मला ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. "त्या गाड्या गेल्या तवापासनं मी म्हनत आले, तुमचा हात गेला आता, मशीन इका. रोज म्हनायची. त्ये एक डाव बी उलटून बोलले न्हाईत." त्यांनी समोर, रस्त्यापलीकडे आमच्या दुकानाकडे बघितलं. "तू तर रोज तिथंच बसत हुतीस. मला एवढं सांगाया तुला चार वर्सं लागली व्हय?"