दही-साखर खाऊन खाली गेलेली टीम

किस्से आणि डब्यांची झाकणं, दोन्ही घरात कधी येतात ते कळत नाही. आपण काही मुद्दाम आणत नाही, आणि एक दिवस खण उघडावा तर सगळी धडाधड अंगावर! माझ्याकडे सध्या शेजारच्या ३०४ नंबरची झाकणं साठली आहेत. कुणाला तरी दिलीच पाहिजेत.

लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत. दाराला ते छोटं भिंग बिल्डरनं बसवलंय, मी नाही. समोर काय चाललंय ते दिसतं, त्याला मी काय करणार? आणि आमची दिल्लीतल्या द्वारकेची सोसायटी म्हणजे सगळे नऊ वाजता दारं ओढून ऑफिसला पळणारे. मागे राहते मी आणि लिफ्टमधली ती बाई, जी ‘प्लीज क्लोज द डोअर’ म्हणत असते. बोलायचं कुणाशी?

तर मागच्या वर्षी ३०४ फ्लॅट एका फुटबॉल क्लबनं घेतला. क्लबचं नाव सांगत नाही. त्यांची लाज ती आता माझी लाज! एक कोच आणि पाच खेळाडू राहायला आले, बाकीचे मागच्या सेक्टरमध्ये. कोचच्या बॅगेवर ‘घोरपडे’ वाचलं आणि मी चहाचं आधण ठेवूनच दार उघडलं.

घोरपडे सर कोल्हापूरचे. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले, मग तिथल्याच पोरांना शिकवलेलं. पहिल्याच चहाला म्हणाले, “वहिनी, मालकांनी स्पष्ट सांगितलंय. टीम या लीगमध्ये टिकली तर आपण शेजारी. खाली गेली तर टीम बंद, फ्लॅट रिकामा, आणि मी परत कोल्हापूर.”

मी म्हटलं, “खाली म्हणजे? दुसऱ्या मजल्यावर?”

*

खाली म्हणजे काय ते मला आमच्या ह्यांनी समजावलं. ह्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारात. माझी पहाडगंजच्या मराठी शाळेत दहावी, त्यामुळे मला काही समजावायचं म्हटलं की ह्यांना फार हुरूप येतो.

“हे बघ, लीगमध्ये सगळ्यात शेवटी जो राहतो त्याला खालच्या लीगमध्ये टाकतात. म्हणजे अपर डिव्हिजन क्लार्कला लोअर डिव्हिजन क्लार्क करायचं.”

“फक्त काम चांगलं केलं नाही म्हणून?”

“हो.”

“तुमच्या ऑफिसात असं केलं असतं तर?”

हे पेपर घेऊन बाल्कनीत गेले.

*

पहिल्या मॅचच्या दिवशी टीमची बस आमच्याच गेटवरून निघणार होती. घोरपडे सर दारात बूट घालत होते. मला राहवेना. परीक्षेला, इंटरव्ह्यूला निघालेल्या माणसाला आपण मोकळ्या हातानं सोडतो का? मी वाटी आणली आणि त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. मागे थांगा उभा होता, मिझोरामचा गोलकीपर. त्यानंही हात पुढे केला. त्याच्या मागे इमॅन्युएल, घानाहून आलेला स्ट्रायकर, सोसायटीचा मनू. त्याला वाटलं औषध आहे, त्यानं डोळे मिटून घेतलं.

ती मॅच जिंकले!

झालं. पुढच्या मॅचला तिसऱ्या मजल्यावर लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत लाइन. मागच्या सेक्टरवाले पण आले. अठरा तळवे! खालच्या भाटिया मॅडमनं विचारलं, “भंडारा है क्या?”

ती मॅच हरले. मी म्हटलं, आता सुटले. तर सर म्हणतात, “दही आंबट होतं काय वहिनी?”

*

मग आली बाहेरगावची मॅच. मी काही विमानात दही घेऊन जाणार नव्हते. थांगानं उपाय काढला, व्हिडिओ कॉल. इकडे मी फोनसमोर चमचा धरून बसलेले, तिकडे हॉटेलच्या लॉबीत एकेक जण येऊन फोनसमोर हात धरतोय आणि मग तो रिकामा हात चाटतोय. हॉटेलचे लोक काय समजले असतील देव जाणे!

सातवा-आठवा तळवा आला आणि नेटवर्क गेलं. माझा चमचा हवेत, स्क्रीनवर घोरपडे सरांचं तोंड उघडं. तीन गोल खाऊन परत आले. लिफ्टमध्ये मनू भेटला. मी विचारलं, “क्या हुआ बेटा?”

मनू गंभीरपणे म्हणाला, “आंटी, डिफेंस को दही नहीं मिला.”

*

मनूचं दुःख वेगळंच होतं. स्ट्रायकर, आणि सात मॅचमध्ये एक गोल नाही! बिचारा रोज दुपारी सोसायटीच्या भिंतीवर बॉल मारायचा. एक दिवस मोठा आवाज आला आणि भाटिया मॅडम तणतणत वर. त्यांच्या बाल्कनीच्या कोपऱ्यातली तुळशीची कुंडी फुटली होती.

घोरपडे सर दारात आले. हात जोडून म्हणाले, “मॅडम, माफ कीजिए.” मग जरा थांबून, “कौनसा कोना?”

“लेफ्ट वाला! ऊपर का!”

“अच्छा! और बॉल किधर से मारा उसने?”

“उधर गेट के पास से. घोरपडे जी, मेरा गमला टूटा है!”

सरांचे डोळे भरून आले. “वहिनी, ऐकलंत? गेटपासनं! वरचा कोपरा!”

नवीन कुंडी सरांनी स्वतः जाऊन आणली आणि मनूला बजावलं, “मॅच में गोलपोस्ट नहीं देखने का. भाटिया मॅडम का बाल्कनी देखने का.”

पुढच्याच मॅचला मनूनं गोल केला. भाटिया मॅडमनं मिठाई वाटली. मला म्हणाल्या, “मेरी तुलसी का गोल है.”

*

थांगाच्या हातातून मात्र बॉल असा सुटायचा की बघवत नव्हतं. एकदा पाच गोल खाऊन आला. आमचा गेटवरचा गार्ड रामसेवक, त्याच्याकडे जाड रजिस्टर असतं. कुरिअरवाला असो की जावई, नाव-वेळ-सही झाल्याशिवाय आत सोडत नाही. तो थांगाला म्हणाला, “भैया, अठारह साल में मेरे गेट से बिना एंट्री कोई अंदर नहीं गया.”

दुसरा कुणी असता तर चिडला असता. थांगा खुर्ची टाकून दोन तास रामसेवकशेजारी बसला. कोण कसा येतो, कोण नजर चुकवतो, सगळं बघितलं. सोसायटीत चर्चा, आता सुधारणार!

पुढच्या मॅचहून बस परतली. रामसेवक गेटवर वाटच बघत होता. “कितने गए?”

“चार.”

“हे भगवान! मैंने क्या सिखाया था?”

थांगा म्हणाला, “अंकल, इस बार चारों का टाइम याद है.”

*

मालकांविषयी जपून बोलते, कारण माणूस मनानं वाईट नव्हता. चौधरी साहेब, मानेसरला त्यांची गाड्यांच्या पार्टची फॅक्टरी. ग्राउंडवर प्रेक्षक येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कंपनीच्या बसगाड्या सोडल्या. सकाळची शिफ्ट संपलेले कामगार थेट स्टँडमध्ये. पुढे सुपरवायझर. तो हात वर करी तेव्हा टाळ्या.

त्या दिवशी आमची टीम एका गोलनं मागे. शेवटची दहा मिनिटं, मनू बॉल घेऊन सुसाट निघाला, समोर फक्त गोलकीपर! आणि अख्खा स्टँड उठला.

सर सांगतात, “वहिनी, अंगावर काटा आला. म्हटलं, बघ मनू, दिल्ली उभी राहिली तुझ्यासाठी!”

मनूनंही वर बघितलं. बॉल राहिला बाजूला. तोवर स्टँड रिकामा. साडेपाच वाजले होते, बस सुटायची वेळ!

*

दुसरी फॅक्टरीची पद्धत म्हणजे तो फॉर्म. मानेसरला पार्ट खराब निघाला की एक कागद भरतात, त्यात पाच वेळा ‘का?’ विचारतात. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं म्हणे. चौधरी साहेबांनी हुकूम काढला, प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर कोचनं तो फॉर्म भरायचा. सर आमच्या डायनिंग टेबलवर येऊन भरायचे, कारण आमचे हे ड्राफ्टिंगमध्ये एक्सपर्ट.

“का हरलो? गोल खाल्ला. का खाल्ला? त्यांचा माणूस मोकळा होता. का मोकळा होता? आमचा बॅक जागेवर नव्हता. का नव्हता? त्याला पळता येत नाही.” सरांनी पेन खाली ठेवलं. “आता पाचवा का. पळता येत नाही तर टीममध्ये का?”

“का?” मी विचारलं.

“मालकांच्या मेव्हण्याचा मुलगा आहे की!”

पेन परत हातात. सर म्हणाले, “खरं ते लिहिणार. जास्तीत जास्त काय होईल?”

ह्यांनी हळूच कागद आपल्याकडे ओढला आणि सुवाच्य अक्षरात पाचव्या रकान्यात लिहिलं: ‘प्रशासकीय कारणास्तव’.

चौधरी साहेबांनी तो फॉर्म ‘व्हेरी गुड’ लिहून परत पाठवला.

*

आता शेवटचा किस्सा. हा अजून ह्यांनाही सांगितलेला नाही. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिच्या पोटात हे दही तेव्हापासून पडून आहे!

शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी टीम वाचत होती. हरलो तर खाली, म्हणजे ३०४ला कुलूप. चौधरी साहेबांनी टीमला आदल्या दिवशीच ग्राउंडजवळच्या हॉटेलात नेऊन ठेवलं, ‘एकाग्रतेसाठी’. म्हणजे माझ्या दारात लाइन नाही! मी अख्खी सकाळ येरझारा घातल्या. मग स्टीलचा मोठा डबा भरला, साखर मिसळली आणि ब्लू लाइन मेट्रोत बसले. स्कॅनरवरच्या बाईनं विचारलं, “आंटी, इसमें क्या है?” मी म्हटलं, “टीम का भविष्य.” तिनं जाऊ दिलं.

ग्राउंडच्या मागच्या गेटशी पोचले तेवढ्यात बस लागली. निळे ट्रॅकसूट उतरले. आमचेही निळेच. मी पायरीवर उभी राहून डबा उघडला. जवळचा चष्मा लावला होता, दही सांडू नये म्हणून. तसंही दही देताना मी तोंडाकडे बघतच नाही, नजर चमच्यावर. पहिला थबकला, मग उजव्या तळव्याखाली डावा धरून अगदी रीतसर हात पुढे केला. मागचे त्याचं बघून लायनीत. फुटबॉलवाले हातावर ठेवलेल्या कशालाही नाही म्हणत नाहीत, हे मी वर्षभर बघितलेलं.

पहिला हात चाटून म्हणाला, “काकू, साखर जरा कमी पडली की ओ.”

“पुढच्या वेळी जास्त घालीन हो बाळा,” मी म्हटलं आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवलं. तिसऱ्याच्या. दहाव्याच्या. पंधराव्याच्या तळव्यावर चमचा तसाच थांबला. आमच्या टीममध्ये सर सोडले तर मराठी येतं कुणाला?

मान वर केली. एकही ओळखीचं तोंड नाही, आणि तो पहिला अजून बोटं चाटत उभा. आणि गेटातून दुसरी बस आत शिरत होती. खिडकीतून थांगा हात हलवत होता. “आंटी! दही लाई?”

दिलेलं दही परत कसं मागणार? डबा खरवडला. थांगाला मिळालं, मनूला मिळालं. मेव्हण्याच्या मुलाला चमचा दिला चाटायला. बाकीच्यांना सांगितलं, “बस, आज मन में खाओ.”

काय खेळली पोरं त्या दिवशी! थांगानं सगळं अडवलं, सगळं! मेव्हण्याचा मुलगासुद्धा पळाला. शून्य-शून्य. मी देवाला म्हटलं, एवढंच राहू दे. आणि अगदी शेवटाला त्यांचा सात नंबर उजवीकडून आत आला आणि मारला. थांगाची बोटं लागली बॉलला. लागली, पण पुरली नाहीत. सात नंबर दोन्ही हात वर करून आमच्याच बाजूला धावला. तोच! साखर कमी पडलेला!

आठवड्यानं गेटवर टेम्पो लागला. थांगा रामसेवकच्या रजिस्टरमध्ये स्वतःची ‘आउट’ची सही करून गेला. मनू भाटिया मॅडमच्या तुळशीला पाणी घालून गेला. शेवटी घोरपडे सर. कोल्हापूरची गाडी निजामुद्दीनहून होती. बेल वाजवून दारातच उभे.

“निघालो वहिनी.”

मी वाटी आणायला आत गेले. बाहेर आले. सरांनी तळवा पुढे केला.

“त्यांचा सात नंबर बघितलात काय? आमच्या तालमीतला पोरगा. दहा वर्षांचा होता तेव्हापासनं मीच शिकवलाय. मॅचनंतर पाया पडायला आला होता.”

“हो का?” मी वाटीला म्हटलं.

“म्हणत होता, सर, दिल्लीची माणसं लई मायाळू.”

मी चमचा भरला. सरांनी चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वहिनी, माझ्या हातावर साखर जरा जास्त घाला. त्याला कमी पडली म्हणे.”