व्हरांड्यातून ऐकलेली लावणी

देवरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, चाचणीचे पेपर तपासत बसले होते. फोन जळगावहून, त्यांच्या मुलीचा, ज्योतीचा होता. "मॅडम, आबा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले... आणि मग उठलेच नाहीत." मी तिला काय बोलले ते आता आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी पुढचे तीन पेपर तपासले एवढं मात्र आठवतं. तिन्ही पेपरांत एकाच प्रश्नाचं उत्तर होतं, नोकरीसाठी अर्ज कसा लिहावा. तिसऱ्या पेपरावर गुण मांडताना हात थांबला, आणि मग पेपर बांधून बाजूला ठेवले.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. सरांवर लिहा असं मला दोघातिघांनी सुचवलं. व्यासंगी शिक्षक, विद्यार्थीप्रिय, साधी राहणी... असं लिहिणं सोपं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मला जे लिहायचं होतं ते वेगळं होतं. म्हणून वेळ लागला.

मी या कॉलेजात मराठीची प्राध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा देवरे सर विभागात पंधरा वर्षं मुरलेले होते. जुन्या कवितेचा पेपर त्यांचा. ओवी, अभंग, श्लोक, आर्या, पोवाडा, लावणी... जे शिकवायला बाकीचे कंटाळायचे ते सगळं त्यांच्याकडे. आमची मुलं साक्री, शिंदखेडा, पारोळा अशा भागांतून एसटीने येणारी, घरी अहिराणी बोलणारी. पुस्तकातली प्रमाण मराठीच त्यांना पाहुण्यासारखी वाटायची, तिथे सातशे वर्षांपूर्वीची भाषा म्हणजे विचारायलाच नको. सरांची रीत अशी की पहिले दोन तास अर्थ सांगायचाच नाही. नुसतं वाचायचं. एखाद्या मुलाने अर्थ विचारला की सर त्याच्याच बोलीत म्हणायचे, "समजनं का नही ते ऱ्हाऊ दे. कानले कसं वाटनं ते सांग." मुलं आधी हसायची, मग खरंच सांगायला लागायची. एकाला ओवी म्हणजे बैलगाडी उतारावरून आपोआप चालल्यासारखी वाटली होती. अभंगाला गावच्या भजनी मंडळातली मुलं नकळत मांडीवर ताल धरायची. आर्येला मात्र वर्ग घाबरायचा. बारा मात्रा, मग अठरा, पुन्हा बारा... तेव्हा गणितात नापास होऊन आमच्याकडे आलेल्या एका मुलीने बोटांवर मोजून सगळ्यांच्या आधी मात्रा बरोबर सांगितल्या, आणि सर इतके खूश झाले की आठवडाभर भेटेल त्याला तेच सांगत फिरले. पोवाड्याला मागचे बाक जागे व्हायचे. मी नवी होते, शिकवताना वहीकडे बघून शिकवायची. सरांच्या तासाला बाहेर उभं राहून ऐकायची सवय मला तेव्हाच लागली. आत जाऊन बसायचा संकोच वाटायचा. पुढे सरांनी नको म्हटल्यामुळे मी विभागप्रमुख झाले, तरी ती सवय गेली नाही.

कल्पना त्यांच्या जुन्या कवितेच्या शेवटच्या बॅचपैकी. भडगावकडची, धुळ्यात काकांच्या घरी राहून शिकत होती. अबोल, खिडकीजवळ बसणारी. त्या दिवशी लावणीचा तास होता. विरहाची लावणी होती; नवरा मोहिमेवर गेलेला, बाई दारात उभी, दिवा लावावा की नाही एवढंच ती मैत्रिणीला विचारते आहे. सर लावणी गायचे नाहीत, ठाय, अगदी संथ लयीत म्हणायचे, शब्दांना जागा देत. शृंगार, ठसका असल्या शब्दांनी सुरुवातच करायचे नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात खांबाशी उभी होते. सरांचं म्हणून झालं. मग मला हुंदका ऐकू आला. कल्पना ओढणी तोंडाला लावून रडत होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं, आणि आजचा तास इथेच थांबवू म्हणाले. बस, एवढंच घडलं होतं.

चार दिवसांनी कल्पनाच्या काकांचा लेखी अर्ज आला. मुलींसमोर अश्लील गाणी म्हणतात, मुलगी रडत घरी आली, तिला वर्गात नेमकं काय झालं ते ती सांगत नाही. त्या शेवटच्या वाक्याने सगळा रंगच बदलला. अर्जाबरोबर काकांच्या ओळखीची आणखी दोन माणसं आली होती, त्यांचे आवाज चढलेले होते. प्राचार्यांनी मला बोलावलं. लावणी अभ्यासक्रमात आहे, हे मी सांगितलं. ते म्हणाले, अभ्यासक्रमाचं सोडा, त्या तासाला तुम्ही कुठे होता, ते विभागप्रमुख म्हणून लिहून द्या.

त्या महिन्यात माझी बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. हे कारण म्हणून सांगत नाही. होती, म्हणून सांगते. मी घरी जाऊन दोन वाक्यं लिहिली: सदर तासिकेच्या वेळी मी वर्गात उपस्थित नव्हते. त्यामुळे वर्गात काय घडले याबाबत मला माहिती नाही. पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आधारावर दुसरं मी सहज लिहून गेले.

चौकशी झाली आणि सरांना लेखी समज मिळाली. जुन्या कवितेचा पेपर त्यांच्याकडून काढून त्यांना व्यावहारिक मराठी दिलं, अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरात. कल्पनाचं नाव काकांनी कॉलेजातून काढून घेतलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. पुढच्या वर्षी जुन्या कवितेला चार मुलांनी नावं दिली, त्याच्या पुढच्या वर्षी एकानेही नाही. पेपर बंद करण्याच्या पत्रावर सही माझीच.

माझं लेखी म्हणणं दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले, नेहमीसारखा चहा घेतला आणि सहज म्हणाले, "मॅडम, लिहून दिलं ते बरं केलं. विचारलं की काहीतरी द्यावंच लागतं." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीचाच होता. मी बाहेर उभी होते हे त्यांना ठाऊकच नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. त्या समजुतीवर मी सहा वर्षं काढली. सरांनी त्यातली पहिली तीन, नोकरीची उरलेली वर्षं मुलांना अर्ज लिहायला शिकवलं, तेही मन लावून, आणि निवृत्त होऊन ज्योतीकडे जळगावला गेले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा ज्योतीने दारातच सांगितलं, सगळं ओळखतात, पण एकच शब्द येतो, हो. चहा हवा का, हो. नको का, तरी हो. ज्या माणसाने तीस वर्षं मुलांना एकेका शब्दाचं वजन तोलायला लावलं, त्याच्याकडे देवाने एकच शब्द ठेवला होता. मी खुर्ची ओढून जवळ बसले. कॉलेजच्या इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगितल्या. ज्योती आत गेली तेव्हा, इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते बोलले. "सर, त्या लावणीच्या तासाला मी बाहेर होते. सगळं ऐकलं होतं. खोटं लिहून दिलं मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो... हो," म्हणाले.

मग डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवायला गेले, तो नीट पोचला नाही, खुर्चीच्या हातावरच राहिला. ते हो म्हणजे मला माहीत आहे असं होतं, की चहाला म्हणतात तसलंच, हे मला कळलं नाही. मी धुळ्याच्या गाडीत बसले तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. जो उत्तर देऊ शकत नाही अशा माणसाला गाठून आपण कबुली दिली, असं वाटत राहिलं. त्यानंतर मी आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा हवापाण्याच्याच गोष्टी केल्या.

दहाव्याला जळगावला गेले तेव्हा मांडवात एका बाजूला एक बाई दोन मुलींना घेऊन बसली होती. मी तिला ओळखलं नाही, तीच उठून आली. कल्पना. वर्तमानपत्रात बातमी वाचून भडगावहून सकाळच्या एसटीने आली होती. बोलता बोलता ती त्या दिवसावर आली. मी काढलं नव्हतं. तिचे वडील सुरतला कापडाच्या कारखान्यात कामाला गेले ते आधी सणाला यायचे, मग येईनासे झाले. आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची, दिवा लावायला उशीर करायची. हे काकांच्या घरात बोलायची सोय नव्हती, भाऊच तो त्यांचा. "मॅडम, माले त्या दिन माय याद उनी व्हती," ती म्हणाली. तिला त्या दिवशी आई आठवली होती, बाकी काही नाही. काका खोदून खोदून विचारत राहिले आणि ती गप्प राहिली. "मी बोलले असते तर सरांवर आलं नसतं ना?" असं तिने मला विचारलं. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती, आणि मी एक्केचाळीस. मी तिला सांगितलं, बोलायचं काम तुझं नव्हतं. कोणाचं होतं, ते तिला तेव्हा सांगता आलं नाही.

निघताना ज्योतीने एक पिशवी दिली. आत जुन्या दोनशे पानी वह्या होत्या. आबांनी या तुमच्याकडेच द्यायच्या, असं आजारी पडायच्या आधी सांगून ठेवलं होतं, म्हणाली. मला वाटलं, टाचणं असतील. बसमध्ये उघडल्या. सरांनी प्रत्येक वर्षी, प्रत्येक तासाला, कोणता प्रकार वाचला आणि मुलांनी तो कसा ऐकला, एवढंच लिहिलं होतं. बैलगाडीवाला मुलगा त्यात होता, मात्रा मोजणारी मुलगी होती. ओवी: दोघे झोपले, झोपू दिलं. आर्या: हसले, भीतीने हसतात. पारोळ्यापर्यंत मी वाचत होते. शेवटच्या वहीत त्या दिवसाचं पान आलं. बारीक, उभ्या अक्षरात चार ओळी:

"लावणी. वर्गात अकरा. कल्पना रडली; कारण विचारलं नाही. बाहेर खांबाशी मॅडम, शेवटपर्यंत. ऐकणारे बारा."

त्यापुढे त्या वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. चौकशीत त्यांना विचारलं होतं, तुमच्या बाजूने सांगणारं कोणी आहे का, आणि ते नाही म्हणाले होते. हे मला प्राचार्यांनीच तेव्हा सांगितलं होतं. माझं नाव घेतलं असतं तर मला खरं तरी बोलावं लागलं असतं, नाहीतर त्यांच्या तोंडावर खोटं. त्यांनी मला दोन्हींतून सोडवलं, आणि वहीत मात्र ऐकणाऱ्यांत मोजलं.

मागच्या आठवड्यात मी एका कागदावर लिहिलं की त्या तासाला मी व्हरांड्यात उपस्थित होते, देवरे सरांनी लावणी जशी शिकवायला हवी तशीच शिकवली, आणि माझं आधीचं लेखी म्हणणं खोटं होतं. तो कागद कॉलेजच्या कार्यालयात घेऊन गेले. आवक रजिस्टरवर बसणारा कारकून नवा, तरुण, सरांना न पाहिलेला. त्याने कागद दोनदा वाचला. ते प्रकरण कधीच बंद झालंय, प्राचार्यही बदलले, आणि ज्यांच्याबद्दल आहे ते सर तर... त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, तरी घ्या. त्याने क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि विषयाच्या रकान्याशी येऊन थांबला.

"मॅडम, विषय काय लिहू?"

मी रजिस्टरमधला तो रिकामा रकाना पाहिला. मग मी म्हटलं, "जुनी कविता लिहा."

त्याने तसं लिहिलं, पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला, आणि कागद ट्रेमधल्या इतर कागदांवर ठेवला.