उंदरांसाठीचं औषध

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तपास चोख झाला होता, गुन्हेगारही खराच सापडला होता, तरीही.

मी तेव्हा पूर्व दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. मयूर विहारात सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या आणि नोएडाच्या हद्दीअलीकडे एक नवी खाजगी प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिथे वेदना आणि सूज यांवरच्या एका संयुगाचे उंदरांवर प्रयोग चालत. त्याची पूड बाटलीतून थोडी थोडी कमी होत असल्याची फिर्याद आली. पाठोपाठ आमच्या खबऱ्याने टीप दिली, "साहब, गांजे का माल है. चौकीदार खुद गंजेड़ी है."

चौकीदाराला उचललं. झडतीत चिलीम मिळाली, पूड नाही. दरडावून झालं, समजावून झालं. त्याचं एकच पालुपद, "गांजा पीता हूँ साहब, चोर नहीं हूँ." दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं.

पूड नेमकी काय आहे, हे समजून घ्यायला मी प्रयोगशाळेतल्या एका मराठी शास्त्रज्ञांच्या घरी साध्या कपड्यांत गेलो. माझं मराठी ऐकताच त्यांच्या पत्नी खुलल्या. "अच्छा, म्हणजे आपलेच की! थालीपीठ खाल्ल्याशिवाय सोडणार नाही, बिल्कुल नाही."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि शास्त्रज्ञ सांगू लागले. "गांजातल्या घटकांना ओळखणारे रिसेप्टर शरीरात मुख्यतः दोन प्रकारचे. एक जास्त करून मेंदूत, नशा तिथून येते. दुसरा रोगप्रतिकारक पेशींवर. आमचं संयुग त्या दुसऱ्यालाच धरतं. सूज उतरते, नशा नाही. पण माणसांवर अजून तपासलेलं नाही."

माझं डोकं तिथेच अडकलं. गंजेडी एकदा फसेल. नशा न देणाऱ्या पुडीत तो पुन्हा पुन्हा हात कशाला घालेल?

तेवढ्यात वहिनी थालीपीठ घेऊन आल्या. बोटांची पेरं पार वाकडी झालेली, पण थालीपिठावर भोकं अगदी नीट पाडलेली. मी बघतोय हे पाहून त्या हसल्या. "संधिवात हो. किती वर्षांनी पीठ थापतेय! ह्यांनी नवी पुडी आणलीय ना, तेव्हापासून मूठ मिटते. बघा." आणि लहान मुलीसारखी त्यांनी मूठ मिटून दाखवली.

शास्त्रज्ञांचा चेहरा पांढराफटक पडला. मी थालीपीठ संपवलं, वर लोणी मागून घेतलं, आणि मग त्यांना म्हणालो, "चला, ठाण्यात बसून बोलू."

जिन्यातच ते कबूल झाले. "तिला वेदना बघवत नव्हत्या साहेब... म्हणजे मला, तिच्या."

"आणि कोठडीतला माणूस?"

"सकाळपासून वाटत होतं, आता सांगू." ते कठड्याला धरून रडले.

चौकीदार त्याच संध्याकाळी सुटला. शास्त्रज्ञांची नोकरी गेली, खटला उभा राहिला. वहिनींची इस्पितळात तपासणी झाली. सुदैवाने अपाय नव्हता, पण पुडी अर्थातच बंद झाली.

पुढे एकदा त्या बाजारात दिसल्या. भाजीवाला पिशवी त्यांच्या मनगटात अडकवून देत होता. मला ओळखताच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. गुन्हा जणू त्या हातांनीच केला होता. मला तिथे उभं राहवेना.

निरपराध माणूस सुटला, तेव्हा तो तपास चुकला असं मी कधीच म्हणणार नाही. पण आपल्या भाषेत बोलत घरात शिरलेल्या माणसाला लोक पोलीस समजत नाहीत, पाहुणा समजतात, हे मी तिथे शिकलो. नंतर तपासासाठी गेलेल्या कुठल्याही घरी मी पाणीही घेतलं नाही. त्या दिवशी सगळं कळून चुकल्यावर मी लोणी मागायला नको होतं.