गुरुजी छाप्यात सापडले तेव्हा

पोलिसातल्या नोकरीत जुगाराचे छापे किती घातले, आता सांगता येणार नाही. त्यातला एक मात्र अजून जसाच्या तसा आठवतो.

जवळा बाजार गावचा आठवडी बाजार होता. भर दुपारी खबऱ्याचा फोन आला, कापसाच्या गोदामामागं पत्त्यांचा डाव बसलाय. आम्ही सहा जणांना जागेवरच धरलं. त्यात एक निवृत्त गुरुजी निघाले. कुठलाही पंचनामा असला की पंच म्हणून आम्ही आधी त्यांनाच बोलवायचो. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला.

ठाण्यात मी दरडावलं, "काय हे, गुरुजी? लाज नाही वाटत?"

"लई वाटते, साहेब. नको नको म्हणतो अन् पाय तिकडंच वळतात. म्हातारपणी बिघडलो, दुसरं काय."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी आल्या. त्या सोडवायला आल्या नव्हत्या. "मी लेकीकडं चालले. चार महिने झाले, ह्यांच्याशी बोलत न्हाई," एवढंच सांगायला आल्या होत्या.

गुरुजींनी पाणी मागितलं आणि खिशातून एक गोळी काढली. कसली, विचारलं तर गप्प. बाईच बोलल्या, "कंपवात हाय. हात थरथरतो, पण गावात सांगितलं न्हाई. दिवाळीपासून ही नवी गोळी हाय."

"आणि जुगार कधीपासून?"

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "दिवाळीनंतरच की."

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. कंपवातात मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं, ही गोळी त्याच्या जागी काम करून हात सावरते, असं त्यांनी समजावलं. काही जणांना मात्र तीच गोळी जुगाराची अनावर ओढ लावते. "अशी काही ओढ लागते का, मी दर वेळी विचारलं, ते नाहीच म्हणाले. गोळी एकदम बंद करू नका, त्यांना घेऊन या."

आपल्याकडं डॉक्टरला दुखणं सांगतात, लाजेची गोष्ट कोण सांगतं?

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. गुरुजींना रडू आवरेना. "म्हंजे मी बिघडलो न्हाई ना, साहेब?"

बाई उठून नवऱ्याजवळ गेल्या. मग त्यांनी नवऱ्याचा थरथरता हात सगळ्यांदेखत धरला. "उठा, डॉक्टरकडं जाऊ."

गुन्हा नोंदवला, तो टाळला नाही. डॉक्टरांचा जबाब मात्र कागदपत्रांना जोडला. पुढं गोळी बदलली आणि ती ओढही गेली.

त्यानंतर मी प्रत्येक आरोपीला औषधपाण्याबद्दल विचारू लागलो. पण तोवर निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. त्याआधी नुसतं दरडावून ज्यांना आत बसवलं, त्यांतले आजारी किती होते, हे मला आता कोण सांगणार?