चपलेचा तळ

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पुन्हा चालेल का, हे सांगायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक्स-रे बाजूला ठेवून विचारलं, "पडण्याआधी आजी कुठवर चालायच्या?"

"रोज देवळापर्यंत," मी ठणकावून सांगितलं. आई फोनवर तसंच सांगायची.

"मग चालतील."

माणसाच्या पायांचं भविष्य असं एका प्रश्नात कळतं? मला बाईंचाच संशय आला. आई मात्र भिंतीकडे बघत होती.

संध्याकाळी मी घरून तिच्या चपला आणल्या, जुन्या टाकून गेल्या दिवाळीला मीच घेतलेल्या. कॉटखाली ठेवताना एक चप्पल उलटी पडली. तळाला चिकटवलेला नंबराचा कागद अजून कोरा करकरीत होता.

आई हळूच म्हणाली, "बाईंना सांगू नकोस. चालतील म्हणाल्यात ना त्या."