‘घरी गेलो’ची खूण

आधीच सांगून ठेवते... भूतखेत, भास, संकेत यांतलं काहीही मी मानत नव्हते, आणि आता मानायला लागले असंही म्हणणार नाही. मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. माझी डिग्री आईनं फ्रेम करून दारासमोरच्याच भिंतीवर टांगली आहे – येणाऱ्याला चहाच्या आधी ती दिसली पाहिजे! शाळेत मी विज्ञान शिकवते आणि लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टर उडवते. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

आमची शाळा पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजूला आहे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावाचं नवीन गावठाण शाळेला लागूनच आहे. ते गाव माझंही. आता पाण्याखाली.

शाळेत मुलींचं गाईड पथक मी सुरू केलं. मुली मिळवणं हेच पहिलं मोठं काम. घरोघर फिरले. कुणी विचारलं, "पोलीस भरती हाय का हे?" एका आजीनं तर नातीला सगळ्यांसमोर झापलं, "मॅडमले डावा हात देतेस? लाज नाही वाटत?" स्काऊट-गाईडमध्ये डाव्या हातानंच हात मिळवतात, हे त्या माउलीला समजावता समजावता माझा घसा बसला. हळूहळू मुली आल्या. ओढणीच्या टोकांनी गाठी मारायला शिकल्या, शिट्टीचे इशारे शिकल्या, दगड आणि गवतानं वाटेवर खुणा लावायला शिकल्या. दगडांचा बाण म्हणजे इकडून जा. फुलीसारखी काट म्हणजे इकडे जाऊ नका. आणि शेवटी दगडांचं गोल वर्तुळ, मधोमध एक ठिपका – म्हणजे ‘मी घरी गेलो’. खेळ संपला.

हे सगळं मला शिकवलं आमच्या जुन्या गावातल्या शाळेच्या गुरुजींनी. ते मुलांबरोबर मुलींनाही खेळात घ्यायचे. त्यांचे दोन नियम होते. खुणा मुलं निघायच्या जरा आधीच लावायच्या, शिळ्या खुणांवर भरवसा ठेवायचा नाही. आणि ज्यानं लावल्या त्यानंच उचलायच्या. त्यांची एक सवयही होती. शेवटच्या वर्तुळात ठिपका म्हणून ते शाळेच्या छपरावरून पडलेल्या कवेलूचा, म्हणजे कौलाचा, तुकडा ठेवायचे. लाल, लांबून दिसणारा. गाव उठल्यावर गुरुजी गावठाणात राहायला आले खरे, पण तिथं रमले नाहीत. संध्याकाळ झाली की "चला, घरी जातो," म्हणून पाण्याच्या दिशेनं निघायचे. कुणीतरी हात धरून परत आणायचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

तर आमचं पहिलं मुक्कामी शिबिर. दिवाळीच्या सुट्टीनंतर, एकच रात्र, पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या मोकळ्या माळावर. सगळं अडलं होतं रोशनीवर. रोशनी आमची पथकनायिका, तिच्याशिवाय बाकीच्या मुली हलायला तयार नव्हत्या. आणि तिची आई वनिता नाहीच म्हणत होती. वनिता आणि मी एकाच गावच्या, एकाच बाकावरच्या. पण मी शिकून आले तेव्हापासून ती मला मॅडमच म्हणते. टोमणा की मान, कळत नाही.

"मॅडम, पोरगी पाण्याच्या बाजूले झोपवता म्हंता. अन् काही झालं तं?"

"काही नाही होत. जशी नेते तशीच आणून देते."

"तुम्ही शिकल्या-सवरल्या. तुमचं काय जाते बोलाले?" ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "शब्द देता का?"

"दिला."

"काही कमी-जास्त झालं नं, तं ह्या गावातली एक पोरगी तुमच्या मांगं येनार नाही. सांगून ठेवतो."

ती खरं बोलत होती. एवढ्या घरांचे उंबरे झिजवून उभं केलेलं पथक एका चुकीत संपलं असतं.

शिबिराची संध्याकाळ मजेत गेली. आमच्याच शाळेतल्या मेश्राम मॅडम सोबत होत्या, त्यांनी झुणका केला आणि तंबूची दोरी सैल बांधणाऱ्या मुलींना "ह्या तंबूत तं शेळीबी थांबनार नाही" म्हणून चिडवलं. सकाळी खुणांचा खेळ ठेवला होता. आणि इथं मी गुरुजींचा नियम मोडला. सकाळी धावपळ होईल म्हणून खुणा आदल्या संध्याकाळीच लावून टाकल्या. माळावरून बांध्यांच्या धुऱ्यानं, म्हणजे भातशेतांच्या बांधावरून, धानाची धसकटं ओलांडत, जुन्या गावाकडे उतरणाऱ्या डांबरी रस्त्यापर्यंत. रस्त्याच्या कडेला एक पळस आहे, त्याच्या बुडाशी शेवटचं वर्तुळ, मधोमध पांढरा गोटा. पाणी तिथून चांगलं एक शेत लांब होतं. रस्त्याला लागूनच जुनी मुरमाची खदान आहे, माणूस बुडेल एवढी खोल, पण ती कोरडी होती.

सकाळी उठलो तर धुकं. असं धुकं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दुसऱ्याच कुणाची वाटावीत. मुली खुशीत. धुक्यात खुणा शोधायच्या म्हणजे आणखी मजा! रोशनी त्यांना घेऊन निघाली. मेश्राम मॅडम पोह्यांच्या तयारीला लागल्या आणि मी जवळच्या पायवाटेनं पुढे गेले, पळसाखाली बसून मुलींची वाट पाहायला.

पळस दिसला. आणि मी थांबले.

पळस पाण्यात उभा होता.

रात्रीतून पाणी चढलं होतं. धरणाचं पाणी असं चढतं-उतरतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं, आणि मी विसरले. माझं वर्तुळ बुडालं होतं. खदान बुडाली होती. रस्ता सरळ त्या पांढऱ्यात शिरत होता, आणि पाणी कुठं संपतं, धुकं कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. सगळं एकाच रंगाचं, एकदम शांत. भीतीच्या आधी, खरं सांगते, ते सुंदर वाटलं. वाटलं की असंच चालत जावं, रस्ता आपलाच आहे, पुढे शाळा, पुढे घर...

मग आठवलं – माझे बाण मुलींना थेट इथंच आणणार.

मी शिट्टी वाजवली. परत बोलावण्याचा इशारा, पुन्हा पुन्हा. उत्तर नाही. हाका मारल्या, आवाज कापसात गेल्यासारखा जवळच विरला. पाण्यावर एकही तरंग नव्हता. मी गुडघाभर पाण्यात शिरले, हातानं चाचपत. डोळ्यांसमोर वनिता. सूप बाजूला ठेवून उभी.

आणि मग हसणं ऐकू आलं. मुलींचं. पण समोरून नाही, माझ्या मागून, वरून. टेकाडाच्या बाजूनं.

मी उलट्या पावली धावत सुटले. धुऱ्यावर जिथं माझा बाण रस्त्याकडे वळत होता, तिथं बाण होता, पण त्याच्यावर काट होती. मोठ्या दगडांची, नीट मांडलेली. शेजारी नवा बाण, टेकाडाकडे. पुढे आणखी एक. मग आणखी एक. आमच्या त्या माळावर लाल मुरूम आहे. हे दगड काळे होते, ओले. त्यांना तळाचा गाळ लागलेला आणि बारीक शिंपले चिकटलेले.

टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली मुली घोळका करून बसल्या होत्या. चिवड्याची पिशवी फोडलेली.

"किती टाइम लावल्या जी मॅडम!" रोशनी ओरडली. "आमी तं कवाच्या पोचलो. तुमीच हरवल्या वाटते!"

सगळ्या खिदळल्या. मी मोजल्या. सगळ्या होत्या. मी पुन्हा मोजल्या.

"इकडं कशा आल्या तुम्ही?"

"तुमच्याच खुणांनं आलो नं! खाली जाचा बाण होता, त्याच्यावर काट. मंग वर आलो." तिनं तळवे एकमेकांवर चोळले. "पन ओले गोटे कायले लावल्या मॅडम? हात लावून पाह्यला तं बरफावानी."

घोळक्याच्या मधोमध वर्तुळ होतं. काळ्या दगडांचं. आणि त्याच्या मधोमध कवेलूचा लाल तुकडा, पाणी निथळत असलेला.

मी मुलींना पोहे खायला चला म्हटलं.

ऊन पडल्यावर मी माझ्या खुणा उचलल्या. काळ्या दगडांना हात लावला नाही. त्या खुणा माझ्या नव्हत्या.

नंतर जमेल तेवढा शोध घेतला. जवळ जाळी टाकणाऱ्या ढीवर दादाला विचारलं. तो हसला, "आमी आमच्या जाळ्याच्या खुना वळखतो बाई. तुमच्या गोट्यायचं आमाले काय समजते?" मेश्राम मॅडम पातेलं सोडून हलल्या नव्हत्या. गुरुजींचा एखादा जुना विद्यार्थी तिकडून जात असेल, पाणी चढलेलं पाहून त्यानं हे केलं असेल... असू शकतं. पण मग त्यानं मला हाक का मारली नाही? आणि कवेलू कुठून आणलं? आमच्या गावातलं शेवटचं छप्पर पाण्याखाली जाऊन किती काळ लोटलाय.

संध्याकाळी रोशनीला घरी पोचवलं तेव्हा वनिता दारातच होती. काही त्रास तर झाला नाही ना, तिनं विचारलं. मी लपवू शकले असते. मुलींना काही ठाऊकच नव्हतं. पण शब्द दिला होता, म्हणून सगळं सांगितलं. पाणी, माझी चूक, काट, कवेलू. म्हटलं, आता ही शिव्या देणार आणि पथक संपणार.

वनिता उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "लहानपनी गुरुजी माह्या घरी बी आले होते. पोरीले शिबिराले पाठवा म्हनून. माह्या बापानं नाही पाठवलं." तिनं पदरानं हात पुसले. "मले ते जागा दाखव, निर्मला."

किती वर्षांनी तिनं मला नावानं हाक मारली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. पाणी अजून खालीच, पळसाजवळ. टेकाडापर्यंत चढलेलं नव्हतं. धुऱ्यावरची काट नव्हती. बाण नव्हते. मोहाखालचं वर्तुळही कुणीतरी उचललं होतं. वाळल्या गवतात दगडांच्या दबलेल्या जागा तेवढ्या गोल उमटून राहिल्या होत्या.

वनिता खाली बसली आणि त्या गोलाच्या मधोमध बोट टेकवलं. मग माझा हात धरून तिथं ठेवला. आठवडाभर कडक ऊन होतं, आजूबाजूची माती भुरभुरीत झालेली. तेवढी एक जागा ओली होती. गार.

"ज्यानं लावल्या त्यानं उचलल्या," ती म्हणाली. नियम तिलाही पाठ होता.

परत येताना ती म्हणाली, पुढच्या शिबिराला रोशनीच्या धाकटीलाही घेऊन जा. मी हो म्हटलं. आता आमच्या पथकात जागा कमी पडते. खुणा मी मुली निघायच्या जरा आधी लावते, पाणी स्वतः पाहून येते, आणि खेळ संपला की एकेक दगड उचलते. विज्ञानाच्या तासाला मुली विचारतात, "मॅडम, सगळ्याचं कारन राहते का?" मी म्हणते, राहतं, कधीकधी सापडत नाही. आणि फळ्याकडे वळते.